जाणूनबुजून

सिल्वासा,
रविवार, दुपार

प्रिय मिलिंद,

हे पत्र उद्या सकाळच्या कुरिअरने तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे, कोर्टाच्या नाही. कोर्टात आलेलं टपाल शिपाई फोडून टेबलावर ठेवतो असं तू मागे म्हणाला होतास, आणि हे तुझ्याआधी कुणी वाचावं असं मला वाटत नाही. तुला शेवटचं पत्र लिहिलं त्याला वीस वर्षं तरी झाली असतील. तू पुण्याला लॉ कॉलेजात होतास आणि मेसच्या आमटीच्या तक्रारी करायचास. आता तू न्यायाधीश आहेस आणि मी एका कारखान्याची प्लँट हेड. दोघांचं चांगलं चाललंय असं आई नाशिकभर सांगत असते. समोरासमोर बोलायला बसले की मी आपोआप स्वतःला सांभाळून घेत बोलते, ती सवय इतक्या वर्षांत फार पक्की झाली आहे. म्हणून लिहिते. दोन कागद आधीच फाडलेत.

आमच्या मसाटच्या कारखान्यात पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनतात. तू एकदा आला होतास आणि कानात कापसाचे बोळे घालून प्रेस-शॉपमधून चक्कर मारली होतीस. आठवत नसेल तर सांगते. प्रेस म्हणजे उभं यंत्र. कामगार पत्रा आत सरकवतो, पायाने पेडल दाबतो, वरून साचा आदळतो आणि झाकण पडतं. हात आत असताना साचा खाली येऊ नये म्हणून यंत्रापुढे लोखंडी जाळीचं दार असतं. दार बंद केल्याशिवाय पेडल दाबायचं नाही, असा नियम. हे दार उघडायला आणि लावायला प्रत्येक झाकणामागे दोन-तीन सेकंद जातात. एका पाळीत अशी हजारो झाकणं निघतात, तेव्हा जाळी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते. कामगारांच्या, सुपरवायझरच्या, शेठच्या. माझ्याही.

पाच नंबरच्या प्रेसवर वाल्मिक होता. साक्री तालुक्यातला, तेव्हा एकोणतीस वर्षांचा, उंच, थोडा पोक काढून चालणारा. त्याच्या बायकोचं नाव चंदा. दोघं कारखान्यामागच्या चाळीत एका खोलीत राहायची. रविवारी वाल्मिक चाळीतल्या निम्म्या माणसांचे केस कापून द्यायचा, फुकट. धंदा नव्हता तो त्याचा, हाताला वळण होतं म्हणून. आमच्या स्टोअरमधल्या दोघांचे केस त्यानेच कापलेले असत आणि ते शहरातल्या सलूनपेक्षा बरे दिसत. प्रेसवर त्याचं झाकण कधी तिरकं निघायचं नाही.

चार वर्षांपूर्वी, ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी, सकाळच्या चहाच्या जरा आधी त्याचा उजवा हात साच्याखाली गेला. मनगटापासून. मी तेव्हा प्रेस-शॉपची इंजिनियर होते, तिथून पंधरा पावलांवर उभी. मला किंकाळी ऐकू आली नाही, त्या गोंगाटात येतच नाही. मला ऐकू आलं ते एवढंच की पाच नंबर थांबला. आणि मिलिंद, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की आता याने मशीन का बंद केलं. वैतागूनच मी मान वळवली. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मग मी धावले, ओढणी काढून बांधली, गाडी काढायला लावली, सगळं केलं. पण आधी मी वैतागले होते.

यंत्रापुढे जाळी नव्हती.

वाल्मिक ठेकेदारामार्फत लागला होता, त्याचं विम्याचं कार्ड कुणी काढलंच नव्हतं. त्यामुळे भरपाईचा दावा इथल्या कोर्टात आला. तुला कायदा शिकवण्याची माझी पात्रता नाही, पण मला जसा समजला तसा लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कामावर असताना हात गेला तर मालकाने भरपाई द्यायची. कामगार घाईत असला, त्याचं लक्ष उडालं, त्याने मूर्खपणा केला, तरी द्यायची. मालक सुटतो तो मोजक्याच कारणांनी. त्यातलं एक म्हणजे कामगाराने सुरक्षेची जाळी जाणूनबुजून काढली असेल तर. म्हणजे सगळी लढाई त्या एका शब्दावर येऊन ठेपली. चुकून, सवयीने, नाइलाजाने, यांतलं काहीही चाललं नसतं. कंपनीला 'जाणूनबुजून' हवं होतं.

कंपनीच्या वकिलांनी मला बोलावून समोर बसवलं. म्हणाले, "मॅडम, जाळी नव्हती हे आपण नाकारू शकत नाही, फोटो आहेत. प्रश्न फक्त इतकाच आहे की काढली कोणी. त्याने काढली असेल तर विषय संपला. कंपनीने काढली असेल, तर कंपनी म्हणजे कोण, असं कुणीतरी विचारणार. त्या पाळीची जबाबदारी कागदावर तुमच्या नावावर आहे." त्यांनी मला खोटं बोला असं एकदाही सांगितलं नाही, कुठला शब्दही पढवला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

कोर्टात आधी वाल्मिकची साक्ष झाली. डाव्या हाताने त्याने शपथेच्या कागदावर अंगठा दिला. सही यायची त्याला, पण उजव्या हाताची. तो म्हणाला, जाळी आठ दिवसांपासून नव्हती, मी काढलेली नाही. आमच्या वकिलांनी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. जाळी नाही हे तुला दिसत होतं ना? "हो साहेब." तिच्याशिवाय हात जाऊ शकतो हे माहीत होतं ना? "माहीत होतं साहेब." तरी तू पेडल दाबलंस? तो म्हणाला, "दाबलं."

मग बारकू आला. बारकू दुधनीचा, वारली, पन्नाशीचा माणूस, आमच्याकडे माल उचलायच्या कामाला होता. कंपनीतला माणूस कंपनीविरुद्ध साक्ष द्यायला आला तो एकटाच. तो म्हणाला, "जाळी आठ दिसां कोपऱ्यात उबी व्हती, सायेब." वकिलांनी तारीख विचारली. बारकूला तारीख सांगता येईना. नागली, म्हणजे नाचणी, लावून झाली होती तेव्हा, असं तो म्हणाला. कोर्टात दोघे-तिघे हसले. जाळी कोणी काढली? "भगवंत फिटरनं." तू पाहिलंस? "नाय. मी जेवाया गेलतो. आलो तं जाळी कोपऱ्यात." म्हणजे पाहिलं नाहीस. आणि आठ दिवस की पाच दिवस? बारकू गोंधळला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी सांगेन अशा आशेने, कारण कामावर काही अडलं की तो नेहमी माझ्याकडेच पाहायचा. मी माझ्या फाइलकडे पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "पाच असतील." भगवंतला तोवर शेठनी दुसऱ्या गावच्या कारखान्यात पाठवलेलं होतं. त्याला कुणी बोलावलंच नाही.

मग मी उभी राहिले. मी इस्त्रीची कॉटनची साडी नेसले होते. मी तीन गोष्टी सांगितल्या. प्रत्येक प्रेसला जाळी होती आणि ती चालू होती. जाळी काढू नये ही सूचना हिंदी, गुजराती आणि मराठीत भिंतीवर लावलेली होती, वाल्मिकला ती वाचून दाखवली होती, त्याखाली त्याची सही आहे. आणि त्या दिवशी सकाळी पाळी सुरू झाल्यावर त्याने स्वतःच्या मर्जीने जाळी काढली. मी त्याला यापूर्वीही एकदा त्याबद्दल टोकलं होतं. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता वर पाहून विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" मी म्हणाले, "हो." माझा आवाज स्वच्छ होता. वाल्मिकची वकील शीतल म्हणून एक तरुण मुलगी आहे, तिने मला तासभर उलटसुलट विचारलं. मी एकदाही अडखळले नाही.

दावा फेटाळला गेला. निकालपत्रात माझ्याबद्दल लिहिलं आहे की ही साक्षीदार सुशिक्षित असून तिची साक्ष मुद्देसूद आणि विश्वासार्ह आहे. बारकूबद्दल लिहिलं आहे की त्याच्या सांगण्यात मेळ नाही. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर एक तारीख न येणारा माणूस होता आणि एक मी होते. तूही कदाचित हेच लिहिलं असतंस.

आता काय घडलं होतं ते लिहिते. अपघाताच्या आधीच्या शुक्रवारी एक मोठी ऑर्डर आली, पुढच्या शनिवारी गाडी भरायची होती. सकाळच्या मीटिंगमध्ये मी आकडे मांडले आणि भगवंतला म्हणाले, एक ते सहा नंबरच्या जाळ्या काढ, शनिवारी गाडी गेली की रविवारी परत बसव. तोंडीच सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने जाळ्या काढून कोपऱ्यात उभ्या केल्या. त्या आठ दिवस तिथेच होत्या, बारकू आधी म्हणाला तसं अगदी आठ दिवस. आणि बुधवारी, म्हणजे हात जायच्या दोन दिवस आधी, वाल्मिक माझ्याकडे आला होता. टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, जाळी बसाडी द्या ना. हात लई जवळ जास." मी कागदावरून मान वर न करता म्हणाले, "शनिवारपर्यंत कळ काढ रे." तो बरं म्हणून गेला. जाळी ज्याने परत मागितली, त्यानेच ती काढली असं मी शपथेवर सांगून आले.

निकालानंतर सहा महिन्यांनी मला प्लँट हेड केलं. त्याचा आणि साक्षीचा संबंध आहे असं कुणी म्हणालं नाही, नाही असंही कुणी म्हणालं नाही. आईने पेढे वाटले. तू फोन करून म्हणालास, ताई, घराण्यात पहिली. त्या दिवशी मी तुझा फोन लवकर ठेवला होता, पाहुणे आलेत म्हणून. कुणी आलं नव्हतं.

आणि मग एके सकाळी पॅकिंगच्या पट्ट्यावर मला चंदा दिसली. वाल्मिकला कुठे काम मिळेना, तेव्हा ती आमच्याच गेटवर येऊन ठेकेदाराकडे नाव लावून गेली होती. मला वाटलं ही माझ्याकडे पाहणारही नाही. तर ती हसली आणि नमस्कार केला. दोन-चार दिवसांनी मी उगाच तिच्याजवळ थांबून विचारलं, वाल्मिक कसा आहे. ती म्हणाली, बरे आहेत, डाव्या हाताने भाजी चिरायला शिकले. मग माझं तोंड कसनुसं झालेलं पाहून तिलाच अवघडल्यासारखं झालं असावं. म्हणाली, "मॅडम, ते तुमच्यावर राग नही करत. ते म्हंतस, मॅडमलेबी पोट शे."

मॅडमलाही पोट आहे! माझा नवरा गेल्यानंतर मला एवढं कुणी समजून घेतलं नव्हतं, आणि ते त्या माणसाने घ्यावं! मी केबिनमध्ये जाऊन दार लावून बसले आणि तासाभराने बाहेर येऊन काम सुरू केलं. त्यापुढे काहीच केलं नाही. हेही लिहिलंच पाहिजे.

दोन वर्षं ती तशीच पट्ट्यावर उभी राहिली. या वर्षी उन्हाळ्यात एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या केबिनच्या दाराशी आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "एक इचारू का मॅडम? ते म्हंतस मी जाळी नही काढी. कोर्ट म्हने काढी. तुम्हीन तठेच व्हतात ना. मंग तुम्हीच सांगा, खरं काय ते." ती पुढे बोलत राहिली. कोर्टातले मोठे शिकलेले लोक खोटं कशाला लिहितील, असं तिचा भाऊ म्हणतो. सासरचे म्हणतात, याने घाईपायी स्वतःचा हात घालवला आणि वरून खोटं बोलतो. ती म्हणाली, हात गेला त्याचं मी सोसलं, पण घरात बसून माझ्याशी खोटं बोलतात हे सोसत नाही. दोन वर्षं झाली, मी त्यांच्याशी धड बोलत नाही.

मी तेव्हा तिला काय म्हणाले माहीत आहे? "सुट्टी संपली चंदा, पट्ट्यावर जा." ती गेली.

तोपर्यंत मी स्वतःला सांगत आले होते की माझ्यामुळे एका माणसाची भरपाई बुडाली. वाईटच, पण असं होतं जगात. एखाद्या कोर्टाचा निकाल त्या चाळीतल्या खोलीत शिरून नवरा-बायकोच्या मध्ये जाऊन बसला असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती रोज ज्याच्या ताटात वाढत होती त्याला खोटारडा समजत होती, कारण मी 'हो' म्हणाले होते.

दरम्यान शीतलने वाल्मिकच्या वतीने मुंबईला उच्च न्यायालयात अपील केलं होतं. तिथे साक्षी पुन्हा तपासत नाहीत, फक्त कायदा नीट लावला की नाही ते पाहतात, म्हणून आमचे वकील निर्धास्त होते. पण दोन महिन्यांपूर्वी निकाल आला. त्यांनी म्हटलं, खालच्या कोर्टाने चुकीची फूटपट्टी लावली. जाळी नाही हे माहीत असून काम करणं वेगळं आणि जाळी जाणूनबुजून काढणं वेगळं. पोटासाठी कामाला लागलेला माणूस धोका ओळखूनही काम करतो, तेवढ्याने ती त्याची मर्जी ठरत नाही. 'माहीत होतं' या उत्तरावर खालच्या कोर्टाने भलताच भार टाकला. जाळी त्यानेच आणि मुद्दाम काढली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. प्रकरण नव्याने ऐका, म्हणून परत सिल्वासाला पाठवलं. मी तो निकाल तीनदा वाचला. वाल्मिकचं 'माहीत होतं' आता त्याच्याविरुद्ध राहिलं नाही. आता उरलं आहे ते फक्त माझं 'हो'. वकिलांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, काही नवीन नाही. मागचंच तेवढं ठामपणे सांगा."

मागच्या सोमवारी मी चंदाला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही, म्हणून मीही उभी राहिले. मी म्हणाले, जाळी वाल्मिकने काढली नाही. मी काढायला सांगितली होती. त्याने ती परत मागितली होती आणि मी नाही म्हणाले होते. कोर्टात मी खोटं बोलले. चार वाक्यं होती, चार वर्षं लागली. मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल, निदान का म्हणून विचारील. तिने हातातले मोजे काढले, माझ्या टेबलावर ठेवले आणि पाळी अर्धी टाकून गेली. खिडकीतून मला ती दिसली. गेटपर्यंत चालत गेली आणि गेटबाहेर पडल्यावर चाळीच्या दिशेने धावत सुटली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. पट्ट्यावर आपल्या जागी उभी राहिली. तेव्हापासून तिने माझ्याकडे पाहिलेलं नाही, आणि तेच बरोबर आहे.

काल दुधनीला जाऊन आले. साक्ष दिल्यावर महिन्याभरात बारकूला कामावरून कमी केलं होतं. कमी करायच्या माणसांची ती यादी माझ्याच सहीने गेली होती. आता तो धरणाच्या पाण्यात जाळं टाकतो. मला पाहून त्याने खाट टाकली, पाणी दिलं. मी माझं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी तं समजत व्हतो, माझ्यामुळं वाल्मिक हरला. मला तारीख नाय सांगता आली म्हणून." साक्षीपासून इतकी वर्षं तो हे घेऊन जगत होता. त्याने मला दुखवायला म्हटलं नाही, त्याला खरंच हायसं वाटलं होतं. निघताना त्याने मासे बांधून दिले. घ्यावेत की न घ्यावेत ते कळेना, शेवटी घेतले.

आता जे लिहायचं आहे त्यापाशी मी इतका वेळ फिरकत नव्हते. गुरुवारी मी शीतलच्या ऑफिसात गेले. तिने सगळं ऐकलं, आणि पहिलंच वाक्य म्हणाली की मी तुमची वकील नाही, तुम्ही स्वतःचा वकील बघा, खोटी साक्ष हा गुन्हा आहे. मी म्हणाले, माहीत आहे. मग तिने माझी जुनी साक्ष काढली आणि एक ओळ बोटाने दाखवली. म्हणाली, "जाळी चालू होती, त्याला सांगितलेलं होतं, त्याने स्वतःच्या मर्जीने काढली. इंजिनियर असं बोलत नाही मॅडम. कायद्याला नेमकं जे लागतं तेच, त्याच क्रमाने. हे तुम्हाला कंपनीच्या वकिलांनी पढवलं ना? मी हे तुमच्या साक्षीच्या दिवशी तुम्हाला कोर्टात विचारणार आहे."

हो म्हणणं फार सोपं होतं. सगळ्यांना पटलं असतं आणि माझं ओझंही निम्मं झालं असतं. पण त्या माणसाने मला पढवलं नव्हतं. मिलिंद, तुला ती भाऊबीज आठवते का, अपघातानंतरची? जेवणं झाल्यावर आपण गच्चीत बसलो होतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काय रे, निष्काळजीपणा आणि जाणूनबुजून केलेलं, यात कोर्ट फरक कसा करतं? तू नुकताच न्यायाधीश झाला होतास, तुला कुणी असं विचारलं की तुझा चेहरा फुलायचा. तू म्हणालास, इथे ज्युरी नसते ताई, खुर्चीतल्या एकट्यालाच सगळं तोलायचं असतं, म्हणून फूटपट्टी घट्ट धरावी लागते. आणि मग तू बोटांवर मोजून तीन गोष्टी सांगितल्यास. सोय धडधाकट होती का, माणसाला सांगितलेलं होतं का, आणि तरीही त्याने स्वतःच्या मर्जीने ती मोडली का. तू म्हणालास, तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, कारण गरिबाची मर्जी कुठली आणि नाइलाज कुठला, हे ओळखताना आमचा कस लागतो. हे शेवटचं वाक्य मी तिथेच गच्चीत सोडलं आणि पहिल्या तीन गोष्टी तेवढ्या उचलल्या. घरी येऊन पाठ केल्या. तू विश्वासाने, हौसेने बहिणीला समजावून सांगितलंस, आणि ती एका माणसाला बुडवायला आली होती. तुझ्या ओवाळणीच्या दिवशी.

हे पत्र त्यासाठी आहे. येत्या बुधवारी माझी साक्ष आहे. शीतल तो प्रश्न विचारील आणि मला शपथेवर सांगावं लागेल की ते शब्द मी माझ्या धाकट्या भावाकडून, जो न्यायाधीश आहे, प्रकरण लपवून, फसवून काढून घेतले. त्याला काहीही माहीत नव्हतं, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगेन. पण तुझं नाव त्या कागदावर येईल, आणि माझ्यासारख्या बाईच्या साक्षीत आलेलं नाव लोक कसं वाचतील ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून तू बुधवारच्या आत तुझ्या वरिष्ठांना हे सांगून टाक. हे पत्र त्यांना दाखवायचं असेल तर दाखव, त्याचसाठी काही न गाळता लिहिलं आहे. माझ्यासाठी कुणाला फोन करू नकोस, वकील सुचवू नकोस, माझ्यावर खटला झाला तर कोर्टात येऊ नकोस. राजीनामा मी लिहून ठेवला आहे, साक्ष झाली की देईन. वाल्मिककडे माफी मागायचा हक्क मला आहे की नाही तेही अजून ठरलेलं नाही, तुझ्याकडे तर कसा मागू? आईला तू काही सांगू नकोस. शनिवारी मी नाशिकला येऊन स्वतः सांगते. त्या वेळी तू घरी असावास असं फार वाटतं. नसलास तरी का ते मला कळेल.

तुझीच, पण तुझ्यापुढे मान वर न होणारी,
ताई